कांतीची चिंता, रक्ताची उपेक्षा

वयात येणाऱ्या मुलीच्या अंगकाठीविषयी बोलायला मराठी घराकडे शब्दांची मुळीच उणीव नाही. ती बारीक असेल तर 'काडी', 'पाप्याचे पितर'. अंगाने भरू लागली तर 'सुटली', 'थोराड दिसायला लागली', 'आईची थोरली बहीण शोभते'. उन्हात खेळून आली तर 'काळवंडली'. उंच झाली तर 'हिला नवरा कुठून आणायचा?' आणि बुटकी राहिली तरी चिंता तीच. तिच्या मनात काय चालले आहे, हे विचारण्यासाठी मात्र याच घराकडे 'काय झालंय तुला?' याखेरीज फारसे शब्द नसतात; आणि तो प्रश्नही बहुधा चढ्या आवाजात विचारला जातो.

हे शेरे परका मनुष्य मारत नाही. मारते ती मावशी, आत्या, काकू. पुष्कळदा आजी आणि त्याहून पुष्कळदा आई. साखरपुड्यात, हळदीकुंकवात, गौरी-गणपतीला घर भरलेले असताना, दहावीच्या निकालाचे पेढे वाटले जात असताना. 'गुण छान मिळवलेस हो, आता जरा तब्येतीकडे बघ,' या वाक्यातील 'तब्येत' या शब्दाचा अर्थ प्रकृती असा नसतो, हे पंधरा वर्षांच्या मुलीला अचूक कळते. तिच्या पाठच्या भावालाही लोक बोलतात, नाही असे नाही. पण त्याच्या वजनावरून त्याच्या भवितव्याचा हिशेब कोणी मांडत नाही. बोलणाऱ्याच्या मनात आकस नसतो, उलट मायाच असते, हे मान्य केले तरी त्याने घाव उथळ होत नाही. परक्याचे बोलणे झटकून टाकता येते. मायेच्या माणसाचे बोलणे खरे मानावे लागते, आणि म्हणूनच ते मुलीबरोबर आरशापर्यंत जाते.

वस्तुतः ज्या वयात हे शेरे सुरू होतात, त्या वयात मुलीच्या शरीरात काय घडत असते याचे भान बोलणाऱ्यांना क्वचितच असते. साधारणतः अकराव्या-बाराव्या वर्षाच्या आसपास मुलींची उंची झपाट्याने वाढते. प्रौढपणी जे वजन असायचे, त्यातील जवळजवळ अर्धे पौगंडावस्थेच्या या मोजक्या वर्षांत येते. मुलगे या वयात प्रामुख्याने स्नायूंनी भरतात, मुली मेदाने. वयात येण्यापूर्वी शरीराच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतका असलेला मेद वाढ पूर्ण होता होता चौथ्या हिश्श्यापर्यंत पोहोचतो. ही चूक नव्हे, आळस नव्हे, खादाडपणा तर नव्हेच. मासिक पाळी नियमित राहण्यासाठी शरीराला तो साठा लागतो, आणि तो फार घटला तर पाळी थांबते. हाडांत कॅल्शियम साठवून ठेवण्याची आयुष्यातील मोठी संधीही याच वर्षांची. म्हणजे निसर्ग ज्या वेळी पुढील पन्नास वर्षांची शिदोरी बांधत असतो, नेमक्या त्याच वेळी 'जरा कमी खा' असा सल्ला मुलीच्या कानी पडतो.

लोहाचे उदाहरण घ्यावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दररोज ३० मिलिग्रॅम आणि १६ ते १८ वर्षांच्या मुलीला ३२ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. त्याच वयाच्या मुलग्यांसाठी हे आकडे २२ आणि २६ असे आहेत. गरज मुलीची अधिक आणि हात आखडता तिच्याच ताटाकडे, असा हा उफराटा व्यवहार आहे. परिणाम सरकारी आकड्यांतच दिसतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींच्या अंगात पुरेसे रक्त नव्हते. मुलग्यांत हे प्रमाण ३१.१ टक्के होते. आधीच्या सर्वेक्षणात मुलींचा आकडा ५४.१ होता, म्हणजे तो कमी होण्याऐवजी वाढला. हे केवळ गरिबीचे लक्षण समजून सुखवस्तू वाचकाने पान उलटू नये. ज्या घरांत शीतकपाट भरलेले असते, ती घरेही यातून सुटलेली नाहीत. एका मुलीच्या ताटात भाकरीखेरीज काही नसते आणि दुसरी सगळे असूनही डबा तसाच परत आणते. रक्ततपासणीच्या कागदावर दोघींचा आकडा सारखाच दिसू शकतो.

आणि तरीही रंग, उंची, वजन यांवर तासन्तास बोलणाऱ्या घराला विचारावे की मुलीच्या रक्तातील हिमोग्लोबिन किती? किती घरांत याचे उत्तर मिळेल?

शिक्षणाने हा तराजू बदलेल अशी एके काळी आशा होती, आणि ती अवाजवी नव्हती. १८४८ मध्ये पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींसाठी शाळा काढली. १९१६ मध्ये महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. मुलगी शिकली म्हणजे तिची किंमत तिच्या गुणांवर होईल, रूपावर नव्हे, हे या खटाटोपातील एक अव्यक्त आश्वासन होते. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले, तेव्हा शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या आणि लग्न लांबलेल्या मुलींची घुसमट प्रथमच इतक्या उघडपणे मराठीत आली आणि महाराष्ट्रात खळबळ माजली. लेखिकेला टोपणनाव घ्यावे लागले, यातच सारे आले. त्यानंतर नऊ दशके लोटली. मुली डॉक्टर झाल्या, वैमानिक झाल्या, जिल्हाधिकारी झाल्या. तराजू मात्र बदलला नाही. त्यात एक नवे वजन तेवढे पडले. पूर्वी मुलगी देखणी असली की भागत असे. आता ती देखणी असावी, नव्वद टक्क्यांच्या पुढे असावी, इंग्रजी फाडफाड बोलणारी असावी आणि वर घरकामाची आवड असावी. एका अपेक्षेची जागा दुसरीने घेतली नाही. दुसरी पहिलीच्या डोक्यावर बसली. दहावीची शिकवणी, बारावीची प्रवेशपरीक्षा आणि त्याच वर्षांत 'चेहऱ्यावर किती पुटकुळ्या आल्यात, काहीतरी लाव' हा धोशा, हे सारे एकाच मुलीने पेलायचे असते.

विवाहमंडळांच्या वह्यांत आणि वृत्तपत्रांच्या 'वधू पाहिजे' या स्तंभांत गोरी, सडपातळ, नाकीडोळी नीटस हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. संगणक आला तेव्हा तेच शब्द संकेतस्थळांच्या रकान्यांत जाऊन बसले. शादी डॉट कॉम या संकेतस्थळावर वर्णाप्रमाणे स्थळे चाळून घेण्याची सोय जून २०२० पर्यंत होती. अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी आंदोलनानंतर तेथे राहणाऱ्या भारतीय स्त्रियांनीच आवाज उठवला, तेव्हा ती काढली गेली. रकाना गेला, नजर गेली असे कोणी म्हणणार नाही.

या प्रश्नावर बोलताना सारा दोष पाश्चात्त्यांच्या आणि जाहिरातदारांच्या माथी मारण्याची सवय झाली आहे. ती सोयीची आहे, आणि अर्धी खरीही आहे. १९९१ नंतर बाजार खुला झाला. १९९४ मध्ये सुष्मिता सेन 'मिस युनिव्हर्स' आणि ऐश्वर्या राय 'मिस वर्ल्ड' झाली. २००० मध्ये लारा दत्ता आणि प्रियांका चोप्रा यांनी तीच जोडी पुन्हा जुळवली. सौंदर्यप्रसाधनांच्या परदेशी कंपन्या भारताच्या दारात उभ्या असतानाच भारतीय तरुणी एकाएकी जगात सर्वांत सुंदर ठरू लागल्या, याचा अर्थ तेव्हाही अनेकांनी लावला होता. छोट्या गावांतून सौंदर्यस्पर्धा भरू लागल्या, शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुली त्या चालीने चालू लागल्या, आणि कमरेचा घेर सेंटीमीटरमध्ये सांगता येणे हे आधुनिकतेचे लक्षण झाले.

परंतु बाजाराने रंगाची आवड निर्माण केली असे म्हणावे, तर इतिहास साथ देत नाही. मुंबईत इ. एस. पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' विकायला आणला तो १९१९ मध्ये. 'फेअर अँड लव्हली' आली १९७५ मध्ये, उपग्रह वाहिन्या येण्याच्या कितीतरी आधी. बाजार हा काही भिंत फोडून शिरलेला चोर नव्हे. दाराची कडी आतून काढली गेली होती. मालाला गिऱ्हाईक तयार होते आणि ते गिऱ्हाईक घरातील वडीलधाऱ्यांनीच घडवले होते. बाजाराने फक्त त्या जुन्या न्यूनगंडाला नळकांड्यात भरून किंमत लावली.

त्याच मलमाची एक जाहिरात वाचकांना आठवत असेल. निवृत्त बाप, तुटपुंजे उत्पन्न, 'मुलगा असता तर' अशी हळहळ. ती ऐकून मुलगी मलम लावते, उजळते, तिला विमानात नोकरी मिळते आणि बापाचा चेहरा खुलतो. महिला संघटनांनी तक्रारी केल्या, माहिती व प्रसारण मंत्रालयाला दखल घ्यावी लागली आणि २००३ मध्ये ती मागे घेतली गेली. जाहिरात हीन होती यात शंका नाही. पण तिने मराठी, पंजाबी, तमिळ अशा प्रत्येक घरातील एक सत्य नेमके हेरले होते. मुलीला केवळ सुंदर दिसायचे नसते. तिला बापाच्या चेहऱ्यावरची हळहळ पुसायची असते. आपण घराला भार आहोत ही जाणीव आणि आपण दिसायला कमी आहोत ही जाणीव, या दोन्ही तिच्या मनात एकमेकींना धरून वाढतात. मलमाचा खप या गाठीवर चालतो. पुढे २०१४ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेने सावळ्या व्यक्तीला दुःखी, अनाकर्षक वा अपयशी दाखवण्यास मनाई करणारे नियम केले. २०२० मध्ये मलमाच्या नावातील 'फेअर' जाऊन तेथे 'ग्लो' आले. नळकांडे दुकानात आहेच.

बाजाराला मोकळे सोडावे, असा याचा अर्थ नाही. घरात असा तिरस्कार मुळातच नसेल, तरीही नुसते चित्र किती वेगाने मुलीच्या मनाचा ताबा घेते, याचा पुरावा प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर मिळाला आहे. तेथील मूळ रहिवाशांच्या समाजात भरलेले, दणकट शरीर हे सुखाचे आणि आप्तांच्या मायेचे लक्षण मानत. कोणी वाळू लागले की घरचे काळजीत पडत. मराठी आजीने 'किती वाळलीस गं' म्हणावे तसेच. त्या बेटांवरील नाद्रोगा या भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. हार्वर्ड विद्यापीठाच्या ॲन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन कमी करण्यासाठी खाल्लेले मुद्दाम ओकून टाकणारी एकही मुलगी १९९५ मध्ये आढळली नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के होते. आहाराविषयीच्या विकृतीची लक्षणे मोजणाऱ्या चाचणीत धोक्याची रेषा ओलांडणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. आपण फार जाड आहोत असे कधी ना कधी वाटते, असे ७४ टक्के मुली म्हणाल्या. पाहणी लहान होती, दोन्ही वेळी साठ-पासष्ट मुलींची. पण जेथे आजी-मावशी 'खा, खा' म्हणत होत्या तेथे तीन वर्षांत हे घडले. मग जेथे आजी-मावशीच पडद्याची री ओढतात, तेथे काय होईल?

आणि तो पडदा दिवाणखान्यात होता; सर्वांच्या देखत लागत होता. आताचा मुलीच्या मुठीत आहे, उशाशी आहे. त्यात परदेशी नटीच नव्हे, तर वर्गातली शेजारीणही दिसते, तीही दुरुस्त केलेली: नाक सरळ, कंबर बारीक, त्वचा संगमरवरी. इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत टिपणांतच, तीनपैकी एका किशोरीच्या मनातील स्वतःच्या शरीराविषयीचा सल या माध्यमामुळे वाढतो, अशी नोंद होती. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने सप्टेंबर २०२१ मध्ये ती उजेडात आणली. कंपनीने तिचा अर्थ वेगळा लावून दाखवला. देशोदेशीची सरकारे जागी होत आहेत. फ्रान्सने २०१७ पासून जाहिरातीतील मॉडेलचे शरीर चित्रात बदलले असल्यास तसे छापणे बंधनकारक केले, नॉर्वेने २०२२ मध्ये तोच मार्ग धरला, ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खातीच बंद केली. भारतातही असे काही व्हावे काय, यावर चर्चा अवश्य व्हावी. मात्र हळदीकुंकवाला आलेल्या काकूंना लागू होईल असा कायदा करणे कोणत्याही संसदेला जमणारे नाही.

घरात हे दुखणे कसे वाढते, ते पाहण्यासारखे आहे, कारण ते पुष्कळदा पुण्याच्या रूपाने येते. मुलगी सोमवार धरते. मग गुरुवार, मग चतुर्थी. आजी प्रसन्न होते. आजकालच्या मुलींना देवाधर्माचे काही नसते, पण आमची बघा! मुलगी फराळालाही हात लावत नाही, साबुदाण्याची खिचडी परत करते, दुधाचा पेला मोरीत ओतते. उपवासामागे संकल्प असतो, त्याचे एक पारणे असते, तो सुटतो. हा सुटत नाही. व्रत आणि उपासमार यांतला भेद ओळखण्याइतकी जाणती माणसे मराठी घरांत आहेत. पण परिणाम डोळ्यांना बरा दिसत असल्याने ती गप्प राहतात. मुलगी उतरली की तिचे कौतुकच होते. 'छान बारीक झालीस, काय केलंस?' पुढे केस गळतात, पाळी चुकते, जिना चढताना धाप लागते, सारखी थंडी वाजते, अभ्यासात मन लागत नाही. तेव्हा दृष्ट काढली जाते किंवा परीक्षेच्या ताणाला दोष दिला जातो.

हा विकार नवा नाही. १८७३ च्या सुमारास लंडन आणि पॅरिस येथील दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव तेव्हापासूनचे. तो मोबाइलचा जन्मजात पुत्र नव्हे, आणि केवळ शेऱ्यांनी होतो असेही नाही. अंगभूत प्रवृत्ती, ताण, स्वभाव अशी अनेक कारणे त्यामागे असतात. परंतु मनोविकारांमध्ये तो अतिशय प्राणघातक मानला जातो, हे विसरता येत नाही. मार्च २०२५ मध्ये केरळातील एका अठरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूने देश हळहळला. वजन वाढेल या भीतीने तिने जेवण जवळजवळ सोडून दिले होते, अशा बातम्या होत्या. 'आमच्याकडे असले श्रीमंती आजार नसतात,' असे म्हणणाऱ्यांनी ती बातमी पुन्हा वाचावी.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो फेटाळण्याजोगा नाही. शृंगाराला येथील परंपरेने कधी तुच्छ मानले नाही. नटणे-सजणे हा मुलीचा हक्कच आहे. शिवाय शहरी मुलांमधील लठ्ठपणा ही खरी समस्या आहे. वडीलधाऱ्यांनी मग बोलूच नये काय? बोलावे. पण बोलण्याने वजन उतरते असा अनुभव कोणाचाही नाही. उलट टोचून बोलल्याने मुलगी लपून खाते किंवा लपून उपाशी राहते. वजन खरोखरच प्रकृतीच्या दृष्टीने अधिक असेल, तर उपाय मैदानावर आहे. आणि मैदान तर याच घराने बंद केलेले असते. पाळी सुरू झाली की खो-खो सुटतो, सायकल सुटते, उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील, आता लहान नाहीस. आधी पाय बांधायचे आणि मग अंग सुटले म्हणून हिणवायचे, हा कुठला न्याय?

महाराष्ट्राची जुनी व्यायामपरंपरा येथे आठवावी. मुंबईत शिवाजी पार्कावरील श्री समर्थ व्यायाम मंदिरात दोराच्या मल्लखांबावर उलट्या लटकून आसने करणाऱ्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांच्या मनात त्या क्षणी त्यांच्या वर्णाचा विचार आला नसेल. तेथे मल्लखांबासाठी आयुष्य वेचणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक आणले. साताऱ्याच्या ललिता बाबरने २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठली. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारतीय महिला संघाने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा सांगलीच्या स्मृती मानधनासह साऱ्या संघाचे दर्शन घेण्यासाठी घरोघरी आजोबासुद्धा जागले. शफाली वर्माच्या ८७ धावा आणि दीप्ती शर्माचे पाच बळी, यांवर चर्चा झाली. त्या मुलींची शरीरे सडपातळ, ठेंगणी, रुंद, सावळी अशी सगळ्या प्रकारची होती आणि त्या रात्री ती फक्त समर्थ दिसत होती. दुसऱ्या दिवशी त्याच घरांत शाळेत निघालेल्या मुलीला 'छत्री घेऊन जा, आधीच सावळी आहेस' असे सांगण्यात आले नसेल, अशी खात्री मात्र देता येत नाही.

सावळेपणाचे तर नवलच आहे. पंढरीच्या सावळ्या रूपापुढे ज्या समाजाचा कंठ दाटून येतो, ज्या समाजाच्या महाकाव्याची नायिका कृष्णवर्णामुळे 'कृष्णा' म्हणूनच ओळखली जाते, तो समाज सून शोधताना एकाएकी दुसऱ्याच डोळ्यांनी पाहू लागतो. परकीय राजवटींनी गोरेपणाला सत्तेचा वास दिला, हे कारण सांगितले जाते. त्यात तथ्यही असेल. पण त्या राजवटी जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षे झाली; आता तरी तो हिशेब स्वतःच्या नावावर मांडायला हवा.

या साऱ्यात सर्वांत अवघड जागी उभी असते ती आई. तिला दोष देणे सोपे आहे. पण तिच्याही विशीत पोह्यांच्या बशा घेऊन ती अनोळखी माणसांसमोर गेलेली असते. 'मुलगी चांगली आहे, पण मुलाच्या मानाने उजळ हवी होती' असा निरोप मध्यस्थाकरवी आलेला असतो; तो तिच्या वडिलांनी कसा ऐकला, हे तिने दाराआडून पाहिलेले असते. आपल्या मुलीवर ती वेळ येऊ नये म्हणून ती आधीच इशारे देत राहते. डाळीचे पीठ, साय, हळद, मग मलम, मग चालायला जा, मग भात बंद. तिला वाटते, आपण मुलीला वाचवतो आहोत. मुलीला मात्र एवढेच कळते की, जिच्या पोटात आपण वाढलो तिलाही आपण जशा आहोत तशा पुरेशा वाटत नाही. आई स्वतः सर्वांच्या शेवटी, उरलेले जेवते आणि मुलगी ते रोज पाहते. स्त्रीच्या भुकेला घरात काय किंमत आहे, हे तिला वेगळे शिकवावे लागत नाही.

बापाचे मौनही येथे निर्दोष नाही. मुलीच्या शरीराविषयी बोलणे हा बायकांचा विषय, असे म्हणून तो वर्तमानपत्र उघडतो. परंतु मुलीला खाली मान घालायला लावणारे बोलणे चालू असताना 'पुरे, हा विषय या घरात नको' एवढे वाक्य त्याने पाहुण्यांदेखत उच्चारले, तर त्याचा परिणाम फार दूरवर जातो. असे बाप आहेत. त्यांच्या मुली पुढे स्थळ पाहायला आलेल्या माणसांशी सरळ नजरेने बोलतात.

करण्यासारख्या गोष्टी महागड्या नाहीत. एका फेशियलला लागतात त्याहून कमी पैशांत हिमोग्लोबिनची तपासणी होते. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते. या वयात १२ ग्रॅमच्या खाली आकडा असेल, तर ती रक्तक्षयाची खूण आहे आणि डॉक्टरांना दाखवले पाहिजे. शाळांमधून किशोरवयीन मुलांना आठवड्याला लोहाची जी निळी गोळी दिली जाते, ती मळमळते म्हणून कित्येक मुली फेकून देतात. जेवल्यावर घेतली तर तो त्रास कमी होतो, हे सांगायला आईखेरीज कोणी नसते. जेवणाबरोबर चहा घेतल्याने लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा घेतल्याने लागते. अळिवाचे लाडू बाळंतिणीला आठवणीने देणारे घर तेच लाडू चौदा वर्षांच्या मुलीला का देत नाही, हे कोडेच आहे. पाळी सलग तीन महिने चुकली, जेवणानंतर मुलगी दर वेळी न्हाणीघरात जाऊन दार लावू लागली, वजन भराभर उतरू लागले, तर नवस बोलत बसू नये. आधी डॉक्टर आणि त्यांच्या सल्ल्याने मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. डॉक्टरांकडे गेल्यावर मुलीला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आईने देऊ नयेत, आणि थोडा वेळ बाहेर थांबावे.